आजोबांची नोट ट्यूबलाइटखाली

खोट्या नोटांच्या गोष्टी कोणाला सांगायच्या नाहीत, असं मी दर वेळी ठरवते. कारण आपण एक सांगितली की समोरचा दोन सांगतो, आणि घरी येईपर्यंत पर्समधल्या सगळ्याच नोटा माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघायला लागतात. पण आलापल्लीच्या चौकात, बसथांब्यासमोर ज्यांचं किराणा-जनरलचं दुकान आहे, त्यांच्याकडे दुसरं काय साठणार? भामरागडची बस येते, सिरोंच्याची येते, गडचिरोलीची येते. माणसं उतरतात, चहा पितात, बिस्किटाचा पुडा घेतात आणि आपल्या हातात पाचशेची नोट ठेवतात. आता ती खरी की खोटी, हे बस निघायच्या आत ठरवा!

यंदा माझी झोप उडवली ती मात्र दुकानातल्या नोटेनं नाही.

बाबा बल्लारपूरहून आले होते. चहा झाला, गप्पा झाल्या. त्यांना बिस्किटाचा पुडा फोडता येईना, म्हणून तो त्यांनी पिहूकडे दिला. पिहू म्हणजे माझी मुलगी, वय पाच. तिनं दातानं फोडला. निघताना रीतीप्रमाणे बाबांनी तिच्या हातावर खाऊसाठी पाचशेची नोट ठेवली.

अशा वेळी मुली लाजतात, आईच्या मागे लपतात, फार तर थँक्यू म्हणतात. माझी मुलगी सरळ ट्यूबलाइटखाली गेली, नोट दोन्ही हातांनी वर धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "थांबा हं आजोबा. बघून घेते."

बाबा हसले. मंगेश, माझा नवरा, तोही हसला. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तर मांडीवर थाप मारली. "पक्की दुकानदारीण झाली ना ही पोट्टी!"

मी मात्र लाजेनं अर्धी झाले. नोट तिच्या हातातून ओढली आणि सगळ्यांदेखत ओरडले, "आजोबांची नोट तपासायची नसते!"

"काऊन?" पिहूनं विचारलं.

या काऊनचं, म्हणजे 'का'चं, उत्तर मी रात्रभर शोधलं, सापडलं नाही. मी बी.एस्सी. झालेली बाई. मूल निर्भय व्हावं, मोकळं व्हावं, म्हणून मोबाइलवर किती व्हिडिओ पाहिले! आणि माझं मूल सख्ख्या आजोबांना उजेडाला धरतंय?

शिवाय बाबांना लागलं असेल का, ही दुसरी काळजी. आई गेल्यापासून ते बल्लारपूरला एकटे राहतात. माझा मोठा भाऊ पुण्याला असतो. दादाचं म्हणणं, बाबांना शुगर आहे, एकट्यानं व्यवहार जमत नाहीत, घर विकू आणि त्यांना पुण्याला नेऊ. बाबा पुण्याचं नाव काढलं की जेवणाचं ताट बाजूला सारतात. त्यांचं एकच वाक्य ठरलेलं आहे : "ज्या दिवशी मले कोणी नोटेनं फसवलं, त्या दिवशी मी सोताच पेटी भरतो. तोवर मले सांगू नका."

तर संशय ही गोष्ट पिहूनं कुठून उचलली, ते सांगते. माझा दोष किती, ते तुम्हीच ठरवा.

*

मामाजी नोट बघतच नाहीत. "नोट काय पाहायची? माणूस पाहावं!" हा त्यांचा मंत्र. या मंत्रावर त्यांनी आयुष्यभर दुकान चालवलं, आणि खोटी नोट आली की ती पचवायची पद्धतही ठरवून टाकली. शॅम्पूच्या पुड्यांची माळ कापायला जी कात्री टांगलेली असते, त्याच कात्रीनं नोटेचा कोपरा कापायचा. कोपरा कापला की नोट मेली. मग ती चुकूनही गल्ल्यात जात नाही, दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचा मोहही होत नाही. "आपल्याले कोणी बुडवलं तर बुडवलं. आपण दुसऱ्याले नाई बुडवायचं."

लग्न होऊन आले तेव्हा मला हे फार थोर वाटलं होतं. मग एकदा एक गृहस्थ आले. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला गंध, सोबत बायको आणि दोन गोंडस मुलं. मामाजींना ते इतके आवडले की त्यांनी मुलांना गोळ्या फुकट दिल्या. गाडी गेली आणि मी गल्ल्यातली नोट उचलली. कागद असा मऊ की पुरणपोळीला लाज वाटावी!

"मामाजी, माणूस पाहिला होता ना तुम्ही?"

मामाजींनी शांतपणे कात्री काढली, कोपरा कापला आणि म्हणाले, "माणूस खराच होता व. नोट खोटी होती!"

*

त्या दिवसापासून माणूस मामाजींकडे आणि नोट माझ्याकडे, अशी कामाची वाटणी झाली. मी ऑनलाइन एक निळ्या उजेडाचं मशीन मागवलं. खऱ्या नोटेचा कागद त्याखाली चमकत नाही, खोट्याचा ट्यूबलाइटसारखा चमकतो, असं त्याच्या डब्यावर लिहिलं होतं. विज्ञान हो! मला वाटलं, आता माझ्या शिक्षणाचं सार्थक झालं.

पहिल्याच दिवशी आश्रमशाळेचे गुरुजी आले. साखर, चहापत्ती, दाढीचं ब्लेड. त्यांनी शंभराची नोट दिली. मी ती मशीनखाली धरली आणि नोट अशी चमकली, अशी चमकली, की मला काजवे दिसले.

मी मंगेशच्या कानात म्हणाले, "गुरुजी!"

"गुरुजी काय?"

"गुरुजीसुद्धा!"

गुरुजींना ऐकू गेलं. त्यांनी आपल्या पांढऱ्या शर्टाची बाही मशीनखाली धरली. बाहीसुद्धा तशीच झगझगीत चमकली.

"मॅडम, नोट खिशात राह्यली आणि शर्टासंगं धुवून निघाली. ते वॉशिंग पावडर चमकून राह्यली," ते म्हणाले. "आता माझाबी कोपरा कापता का?"

*

आता दहाच्या नाण्याचं ऐका. आमच्याकडे दहाचं नाणं चालत नाही. का चालत नाही, कोणाला माहीत नाही. कधीतरी कोणीतरी उठवलं की ते खोटं आहे, आणि तेव्हापासून चंद्रपूर-गडचिरोलीत ते खोटंच आहे. सरकार म्हणो, बँक म्हणो, लोक हात लावत नाहीत. आमच्या दुकानात बिस्किटाच्या एका जुन्या डब्यात अशी खरीखुरी नाणी पडून आहेत. पिहू त्यांचे मनोरे रचते.

दादा एकदा पुण्याहून आला. खिशात दहाची बरीच नाणी. शेजारी राजन्नाचं चहाचं हॉटेल आहे. राजन्ना सिरोंच्याकडचा, तेलुगूत भांडतो आणि मराठीत हसतो. दादानं चहा प्यायला आणि नाणं पुढे केलं.

"नाई चालत साहेब."

"का नाही चालत? सरकारनं काढलंय!"

"हो ना. मंग सरकारले द्या."

दादानं कायदा सांगितला. राजन्नानं बशी पुसली. दादा म्हणाला, हे न घेणं गुन्हा आहे. राजन्ना म्हणाला, चहा पिऊन पैसे न देणं कोणतं पुण्य आहे? दादानं फोन काढून ऑनलाइन द्यायचं म्हटलं, तर रेंज गेलेली. शेवटी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीतल्या मॅनेजरच्या चहाचे पैसे माझ्या पाच वर्षांच्या मुलीनं आपल्या फ्रॉकच्या खिशातून दिले. दहाची नोट. चुरगळलेली, पण नोट!

बाबा तेव्हा इथेच होते. सगळं बघून हळूच मला म्हणाले, "आणि हा म्हणते का व्यवहार मले जमत नाई!"

*

मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो. पहाटेपासून वेचलेली, वाळवलेली फुलं घेऊन आतल्या गावांतल्या बाया चौकात येतात. व्यापाऱ्याची पिकअप उभी असते. मोजणी होते, पैसे मिळतात. मग या बायांची एक पद्धत आहे. सगळ्या जणी पिकअपच्या पुढच्या चाकासमोर बसून राहतात, आणि एकटी जुरीबाई एक नोट घेऊन आमच्या दुकानात येते.

"मीठ दे," ती म्हणते.

मी नोट घेतली आणि मीठ दिलं, की जुरीबाई चाकाकडे बघून मान हलवते. बाया उठतात. पिकअप जाते. म्हणजे मी मिठाचा पुडा देत नसते, निकाल देत असते! हे मला पहिलं वर्षभर कळलंच नव्हतं. कळल्यापासून जुरीबाईची नोट मी दोनदा उजेडाला धरते.

मागच्या मोसमात तिनं नोट दिली आणि मी ती उजेडाला धरली. गांधीजी दिसले. पण जरा बारीक वाटले. मी पुन्हा धरली. मग तिरकी केली. तार हिरवी दिसते का निळी? जुरीबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं मागे वळून गोंडीत एकच शब्द टाकला. बाहेर बघते तो सगळ्या बाया उठून पिकअपभोवती उभ्या! एकीनं तर व्यापाऱ्याच्या हातातला तराजूच काढून घेतला.

"मॅडम!" व्यापारी तिथूनच ओरडला. "बोला ना काहीतरी मॅडम!"

"थांबा हो, चष्मा घालू द्या!"

नोट खरी होती. खोट माझ्या बिनचष्म्याच्या डोळ्यांत होती. पुढच्या आठवड्यात व्यापाऱ्याची गाडी चौकात थांबली, तो उतरला, बायांकडे बघितलंही नाही, थेट दुकानात आला आणि नोटांचं बंडल माझ्यासमोर ठेवलं.

"आधी तुम्ही पाहून घ्या मॅडम, चष्मा लावून. मंग मी मोह मोजतो!"

*

खोटा पैसा आता बोलायलाही लागला आहे. गल्ल्याजवळ तो ऑनलाइन पैशांचा डबा असतो ना, पैसे आले की हिंदीत सांगणारा? मामाजींचा त्याच्यावर फार जीव. आतली बाई रक्कम बोलली की ते तिला "बरं बाई" म्हणतात.

एकदा मोटारसायकलवर एक तरुण आला. तेलाचा डबा, काजू, डिओ, सगळं महागाचं. त्यानं मोबाइल डब्याजवळ नेला, आवाज आला, मामाजी "बरं बाई" म्हणाले आणि तो गेला. संध्याकाळी मंगेशनं हिशेब लावला, तर ती रक्कम आलीच नव्हती.

"पण बाई बोलली ना! म्या सोता आयकलं," मामाजी म्हणाले. "इतके रुपये प्राप्त झाले, म्हणे."

"प्राप्त झाले?" मंगेश म्हणाला. "आपला डबा तर हिंदीत बोलतो!"

त्यानं मोबाइलमधून भलत्याच डब्याचा आवाज वाजवला होता. मामाजींनी आमचा डबा उचलून उलटापालटा करून पाहिला.

"मले वाटलं," ते म्हणाले, "इतके दिवस इथी राहून बाई मराठी शिकली!"

*

हे सगळं पिहूच्या डोळ्यांसमोर चालतं. शाळेतून आली की ती पोत्यांवर बसून दुकान-दुकान खेळते. तिच्या खेळातल्या नोटा जत्रेतल्या. रंग, आकार अगदी खऱ्यासारखा, फक्त गांधीजींच्या जागी ससा. एके दिवशी तिनं त्या गुपचूप गल्ल्यात टाकल्या. "पैसे कमी दिसत होते," असं नंतर सांगितलं.

गर्दीत मंगेशनं त्यातली एक सिरोंच्याच्या बसच्या कंडक्टरला सुट्टे म्हणून दिली. चार दिवसांनी कंडक्टर नोट घेऊन दारात.

"सॉरी भाऊ, खूप सॉरी! कोणी पकडलं तुम्हाला?"

"कोणीच नाई मॅडम. म्या पॅसेंजरले दिली, त्यानं घेतली. परतीच्या बसमंधी दुसऱ्यानं तिकिटाले मलेच दिली, म्या घेतली. घरी गेलो तं माझी पोरगी म्हणते, बाबा, यावर तं ससा हाय!"

म्हणजे आमच्या जिल्ह्यात दहाचं खरं नाणं चालत नाही आणि ससा सिरोंच्यापर्यंत जाऊन येतो!

त्या दिवशी मी पिहूला समोर बसवलं. व्हिडिओत सांगतात तसं, तिच्या उंचीला खाली बसून, शांत आवाजात.

"या नोटा दुकानात आणायच्या नाहीत."

"खोट्या आहेत म्हणून?"

खोट्या म्हटलं असतं तर ती रडली असती. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

"खोट्या नाहीत गं," मी म्हणाले. "घरच्या आहेत. घरच्या नोटा घरीच चालतात."

*

आता बाबांचं सांगायलाच हवं. बाबांनी बल्लारपूरच्या, बांबूचा कागद करणाऱ्या कारखान्यात हयात घालवली. तयार कागद तपासायच्या खात्यात होते. हातानं कागद चाळायचा आणि खराब ताव बाजूला काढायचा. आमच्या घरी वह्यांचा कागद, लग्नपत्रिकेचा कागद, मिठाईच्या खोक्याचा कागद, सगळ्याला बाबांची बोटं लागल्याशिवाय तो घरात येत नसे. "कागदाले अंग असते बेटा. माणसासारखं. हात लावला का समजते."

माझ्या लग्नाचा आहेर उघडत होतो. आई पाकिटं फोडत होती, दादा नावं लिहीत होता, बाबा डोळे मिटून नोटा लावत होते. मधेच त्यांची बोटं थांबली. डोळे न उघडताच त्यांनी एक नोट गड्डीतून उपसली.

"नोट म्हणजे कापूस असते," ते म्हणाले. "हा बांबू आहे. आपल्या खात्यातला!"

दादानं उजेडाला धरून पाहिली. खोटीच होती. पाकिटावर बाबांच्या एका जुन्या मित्राचं नाव. दादा म्हणाला, फोन करून सांगा त्यांना. बाबा म्हणाले, त्यालेही कोणीतरी दिली असन, कशाले त्याचं तोंड उतरवायचं? मग उठून स्वयंपाकघरात गेले, ती नोट गॅसच्या जाळावर धरली, आणि चहाचे कप घेऊन बाहेर आले.

"आजचा चहा पाचशेचा आहे," ते म्हणाले. "सावकाश प्या!"

*

तर आता ती पिहूच्या खाऊची नोट.

पिहूच्या हातून ओढून घेतलेली ती नोट मी देवाजवळच्या डबीत ठेवली होती. तपासली नाही. मुद्दाम तपासली नाही. दुकानातल्या शंभर लोकांवर संशय घेतला, पण बापावर घेणार नाही, असा मी निश्चय केला होता. तो तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी पिहूच्या शाळेच्या सहलीचे पैसे भरायचे होते. डबी उघडली. नोट हातात घेतली आणि हातालाच कळलं. बाबांचीच मुलगी ना मी!

तरी खिडकीशी गेले. उजेडाला धरली. उजव्या अंगाच्या कोऱ्या जागेत, जिथे गांधीजी दिसायला हवेत, तिथे नुसता पांढरा धुरकट डाग. नोट तिरकी केली तरी तार हिरवीच्या हिरवी, निळी होईना.

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? सांगायला लाज वाटते. वाटलं, बाबांनी खपवली तर नसेल? दुसऱ्याच क्षणी त्यांचा तो चहा आठवला, आणि मग बिस्किटाचा पुडा आठवला. जो माणूस डोळे मिटून गड्डीतून बांबू उपसायचा, त्याला पुड्याची कड सापडत नव्हती. शुगरमुळे बोटं बधिर होतात, हे मला माहीत होतं. बाबांची झाली आहेत, हे त्यांनी कोणालाच कळू दिलं नव्हतं.

म्हणजे दादाचं बरोबर होतं? की एका नोटेवरून माणसाचं घर बंद करायचं?

मंगेशला दाखवली. त्यानंही ती उजेडाला धरली. मग म्हणाला, "दादांना सांगायचं?"

"नको."

"बाबांना?"

"ते लगेच पेटी भरतील. तुला माहीत आहे ना त्यांचं."

"मग?"

मग मामाजी आले. त्यांनी माझ्या हातातली नोट पाहिली, माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता खिळ्यावरची कात्री काढून माझ्यापुढे केली. दुकानाची रीत. मी कात्री घेतली, कोपऱ्याला लावली. आजवर किती नोटांचे कोपरे कापले असतील! हात चालेना. कोपरा कापला की नोट मेली.

मग मामाजींनी माझ्या हातातून कात्री काढून घेतली, आणि गिऱ्हाईक नसताना, कोणी मागितल्या नसताना, शॅम्पूच्या पुड्या कापत बसले.

पोत्यावरून पिहू म्हणाली, "त्यात गांधीजी नाहीत ना आई? मी तेव्हाच सांगणार होते. तू ओढून घेतलीस."

मी नोट पुन्हा डबीत ठेवली. संध्याकाळी पाहिलं, तर ती पिहूच्या सशाच्या नोटांमध्ये होती. तिथेच राहू दिली.

*

रविवारी आम्ही सगळे व्हिडिओ कॉल करतो. एका चौकोनात पुण्याचा दादा, एकात बल्लारपूरचे बाबा, एकात आम्ही. त्या रविवारी दादानं बाबांना सरळच धरलं.

"बाबा, लाइटचं बिल दोनदा भरलंत तुम्ही."

"दोनदा भरलं ना? चुकवलं तं नाई?"

"हसू नका बाबा. एक दलाल घर बघायला येतोय. मी त्याला वेळ दिली आहे."

बाबांच्या चौकोनात थोडा वेळ नुसतं छत दिसलं. मग त्यांचा चेहरा आला, फोनच्या अगदी जवळ.

"काऊन दिली वेळ? फसवलं का मले कोणी? सांग! एक तरी खोटी नोट आली का आजवर माझ्या हातात?"

"तसं नाही बाबा..."

"तसंच आहे! मी काय म्हणलो होतो? नोटेनं फसलो त्या दिवशी पेटी भरतो. बोललो तं बोललो. आहे का कोणापाशी पुरावा?"

मंगेश पंख्याकडे बघायला लागला. मामाजींना एकदम खोकला आला. मी दादाला काही सांगितलं नव्हतं, तरी त्याची नजर मला माझ्यावरच रोखलेली वाटली. संशयी बाईला सगळ्यांच्या नजरा संशयीच वाटतात.

"पुरावा कशाला लागतो?" दादा म्हणाला. "पिहूच्या आईला विचारा. ती बघते ना तुमच्याकडे येऊन-जाऊन."

काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे काही बोलले असते ते खोटं तरी झालं असतं नाहीतर क्रूर तरी.

बाबांनीच मला सोडवलं. म्हणजे मला तसं वाटलं.

"तिले कशाले विचारता? ते बापाच्या बाजूनंच बोलन," ते म्हणाले. "आपली तपासणारी वेगळी आहे! कुठी आहे पिहू? ये बेटा, समोर ये. तू तं माझी नोट ट्यूबलाइटखाली धरून पाह्यली होती ना? आता सांग मामाले. आजोबाची नोट खरी होती का खोटी?"

एरवी आलापल्लीत रविवारी संध्याकाळी रेंज हमखास जाते. चेहरे अडकतात, आवाज तुटतात, दोन-तीनदा लावल्याशिवाय कॉल पुरा होत नाही. त्या दिवशी सगळे चौकोन आरशासारखे स्वच्छ. दादा पुढे झुकलेला. बाबा हसत होते, पण चष्म्यामागे डोळे मिटमिटत होते, पूर्वी आमचा निकाल लागायच्या दिवशी मिटमिटायचे तसे.

पिहू माझ्या मांडीवर चढली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"खोटी नाई काही, मामा," ती म्हणाली. "घरची आहे."